जुन्या गाडीचा नो क्लेम बोनस नव्या कंपनीत नेताना

गेल्या दिवाळीत, म्हणजे ऑक्टोबर २०२५ मध्ये, आम्ही जुनी गाडी विकून नवी घेतली आणि जुन्या गाडीच्या पॉलिसीवर जमलेला ५० टक्के नो क्लेम बोनस नव्या गाडीला लावून घेतला, तेही दुसऱ्याच विमा कंपनीत. ऐकायला एका वाक्याचं काम आहे. पण सुरुवातीला मला कोणीच धड सांगेना. शोरूमवाला म्हणे जुन्या गाडीचा बोनस जुन्या गाडीबरोबर गेला, जुन्या कंपनीच्या कस्टमर केअरवर म्हणे बोनस हवा असेल तर नव्या गाडीचा विमा पण आमच्याकडेच काढा, आणि ऑफिसात निम्म्या लोकांना आपल्या पॉलिसीवर असा काही बोनस छापलेला असतो हेच माहीत नव्हतं. म्हणून तारखा आणि आकड्यांसकट लिहितेय, कोणाला तरी उपयोग होईल.

आधी थोडक्यात हा प्रकार काय ते सांगते. गाडीच्या विम्यात मोटामोटी दोन भाग असतात, एक थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीचा, जो कायद्याने सक्तीचा, आणि दुसरा आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, ज्याला सगळे ओडी म्हणतात. वर्षभर आपण क्लेम केला नाही की पुढच्या वर्षी ओडीच्या प्रीमियमवर सूट मिळते. पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर ५०. त्याच्या वर जात नाही. थर्ड पार्टीवर ही सूट नसते. आणि एक क्लेम केला की पुन्हा शून्यावर. आमच्या गाडीवर २०१९ च्या पावसाळ्यात सोसायटीतल्या गुलमोहराची फांदी पडली होती, काच आणि बॉनेट दोन्ही गेलं, तेव्हा क्लेम करावाच लागला. त्यामुळे २०२० च्या रिन्युअलला बोनस शून्य आणि मग चढत चढत जून २०२५ ला पहिल्यांदा ५० टक्के लागला. एवढ्या वर्षांनी जमलेली गोष्ट मला अशी सोडून द्यायची नव्हती.

ऑगस्टच्या शेवटी घरात गाडी बदलायचं ठरलं. जीएसटी कमी होणार अशी चर्चा होतीच, ३ सप्टेंबरला कौन्सिलचा निर्णय आला आणि २२ सप्टेंबरपासून नवे दर लागू होणार हे कळलं. आमची जुनी गाडी २०१६ ची पेट्रोल, ती घ्यायला सिन्नरचे एक सर तयार होते, ऑफिसातल्या मैत्रिणीच्या ओळखीतले. नव्या गाड्याच स्वस्त होतायत म्हणून त्यांनी जुनीची किंमत थोडी पाडून मागितली, ते त्यांच्या बाजूने बरोबरच होतं, आम्ही मधला आकडा काढला.

गाडी विकणाऱ्यांनी सगळ्यात आधी नंबरप्लेट बघा. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना महाराष्ट्रात एचएसआरपी म्हणजे ती हाय सिक्युरिटी प्लेट सक्तीची केलीय आणि ती नसेल तर आरटीओत मालकी बदलायचं काम अडतं. चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे साधारण ८७९ रुपये पडतात, पण पैशापेक्षा अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो. आम्ही ती आधीच बसवून घेतली होती म्हणून तिथे काही अडलं नाही.

नव्या गाडीचं बुकिंग केलं ६ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीच्या दिवशी, कारण दुसऱ्या दिवसापासून पितृपंधरवडा. इथे एक गोष्ट घडली ती मुद्दाम सांगते, कारण सगळी गंमत इथेच बिघडू शकते. शोरूममधला मुलगा फॉर्म भरत होता आणि मला काही न विचारता त्याने नावाच्या रकान्यात माझ्या नवऱ्याचं नाव लिहायला घेतलं, "साहेबांच्याच नावावर ना मॅडम?" असं म्हणत. मी त्याला थांबवलं. जुनी गाडी माझ्या नावावर, पॉलिसी माझ्या नावावर, बोनस माझ्या नावावर. बोनस हा विमा ज्याच्या नावावर त्याचा असतो, गाडीचा नसतो आणि घराचाही नसतो. नवी गाडी नवऱ्याच्या नावावर गेली असती तर माझा ५० टक्के बोनस तिला लागलाच नसता. मुलाने फॉर्म फाडला, नवा घेतला आणि माझं नाव लिहिलं. आरसीवर, इन्व्हॉइसवर आणि पॉलिसीवर नाव अगदी तेच हवं, आधार कार्डावर जसं आहे तसं. माझ्या जुन्या आरसीवर मधलं नाव पूर्ण होतं म्हणून इथेही पूर्णच लिहायला लावलं.

त्याच दिवशी शोरूमने इन्शुरन्सचं कोटेशन हातात दिलं, एकूण ३८,१६१ रुपये. त्यात ओडी १४,८००, झिरो डेप (सुट्या भागांची घसारा न कापता भरपाई) वगैरे ॲड-ऑन म्हणजे जादा संरक्षणं ५,९००, तीन वर्षांचा थर्ड पार्टी १०,६४० आणि मालक-चालकाचा अपघात विमा तीन वर्षांसाठी १,०००, वर १८ टक्के जीएसटी. नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी एकदमच घ्यावा लागतो, हा नियम सप्टेंबर २०१८ पासून आहे, आणि १००० ते १५०० सीसीच्या नव्या गाडीला त्याचा दर तेव्हा सगळीकडे तोच १०,६४०. तो सरकारने ठरवलेला, तिथे कोणाशी घासाघीस करून उपयोग नाही. फरक पडतो तो ओडी आणि ॲड-ऑनमध्ये. बोनसचा रकाना कोटेशनमध्ये कोरा होता. मी विचारलं तर मुलगा म्हणाला नवीन गाडीला कसला बोनस मॅडम, गाडी तर अजून रस्त्यावर पण आली नाही.

घरी येऊन मी वाचायला बसले. २००२ च्या इंडिया मोटर टॅरिफमध्ये, म्हणजे गाडीच्या विम्याच्या नियमावलीत, बोनसचे सगळे नियम सविस्तर दिलेत. २००७ पासून ओडीचे दर कंपन्यांना मोकळे झाले, पण बोनसचे टप्पे आणि अटी आजही त्याच चालतात. त्यात स्पष्ट लिहिलंय की बोनस मूळ विमाधारकाच्या मागे जातो, गाडीच्या किंवा पॉलिसीच्या मागे नाही. गाडी विकली आणि लगेच दुसरी घेतली नाही तरी आधीची पॉलिसी संपल्यापासून तीन वर्षांच्या आत नव्या विम्यावर तो वापरता येतो. आणि कंपनी बदलली तरी चालतो, फक्त जुन्या कंपनीचं पत्र लागतं. ह्या पत्राला कोणी एनसीबी (म्हणजे नो क्लेम बोनस) रिटेन्शन लेटर म्हणतं, कोणी रिझर्व्हिंग लेटर, कोणी सर्टिफिकेट, कागद तोच.

इथे लोक एक गोंधळ करतात तो ९० दिवस आणि तीन वर्षांचा. गाडी तुमच्याकडेच आहे आणि तुम्ही पॉलिसी रिन्यू केली नाही, तर मुदत संपल्यापासून ९० दिवस उलटले की बोनस जातो. तीन वर्षांची सवलत गाडी विकलेल्या माणसाला आहे. दोन्ही वेगळं. आणि दुसरं म्हणजे वर्षाच्या मध्ये गाडी विकली तर पत्र मिळतं ते शेवटच्या पूर्ण झालेल्या वर्षापर्यंत कमावलेल्या टक्क्यांचं, म्हणजे चालू पॉलिसीवर जे छापलंय त्याचं. तुमच्या पॉलिसीवर ३५ असेल आणि रिन्युअल तीन आठवड्यांवर असेल तर शक्य असल्यास तेवढं थांबा, ४५ होईल. आमचं जूनमध्येच ५० झालं होतं त्यामुळे थांबण्यासारखं काही नव्हतं.

पितृपक्षात सरांच्या घरचे गाडी आणू देईनात. त्यामुळे २२ सप्टेंबरला घटस्थापनेच्या दिवशी ते गाडी घेऊन गेले. त्या दिवशी मी केलेली कामं नीट सांगते. मालकी बदलायचे फॉर्म, म्हणजे फॉर्म २९ च्या प्रती आणि फॉर्म ३०, ह्यांवर सह्या केल्या आणि सह्या केलेल्या सगळ्या कागदांचे फोटो काढून ठेवले. ५०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर डिलिव्हरी नोट केली, त्यात तारखेबरोबर वेळ पण लिहिली, सकाळी ११.२० नंतर गाडीची जबाबदारी घेणाऱ्याची, अशी. सरांच्या आधार कार्डाची सही केलेली झेरॉक्स घेतली. काचेवरचा फास्टॅग काढून त्याच दिवशी बंद करायला टाकला, नाहीतर पुढचे टोल माझ्या खात्यातून गेले असते. गाडी गेटबाहेर पडली तेव्हा मुलगी रडली, मलाही भरून आलं, नऊ वर्षं होती आमच्याकडे.

२३ तारखेला जुन्या कंपनीला मेल केला. विषयात पॉलिसी नंबर आणि 'गाडी विकली, एनसीबी रिटेन्शन लेटरसाठी विनंती' एवढंच. सोबत पॉलिसीची प्रत, फॉर्म २९ आणि ३० चे फोटो, डिलिव्हरी नोट. उत्तर म्हणून आपोआप येणारा मेल आला, आपल्या विनंतीची नोंद झाली आहे वगैरे. मग फोन केला. फोनवरच्या मुलीने आधी मला नव्या गाडीचं कोटेशनच द्यायला घेतलं. मी म्हटलं मला दुसरीकडे काढायचाय विमा, मला पत्र पाहिजे. तर म्हणाली बोनस ट्रान्सफर आमच्याच कंपनीत होतो. मी तिला शांतपणे सांगितलं की असं असेल तर मला तेवढं मेलवर लिहून पाठवा. तिने होल्डवर टाकलं, बराच वेळ म्युझिक ऐकलं, मग परत येऊन म्हणाली की पत्र मिळेल पण आरसी नव्या मालकाच्या नावावर झाल्याचा पुरावा लागेल. 'लिहून पाठवा' हे वाक्य पुढे शोरूममध्ये पण कामाला आलं. कोणी तोंडी नियम सांगितला की लिहून मागायचं, आवाज चढवायची गरज पडत नाही.

मग आरसीची वाट बघणं आलं. सर नाशिक आरटीओच्याच हद्दीतले त्यामुळे एनओसीची भानगड नव्हती. दुसऱ्या आरटीओच्या हद्दीत गाडी जाणार असेल तर फॉर्म २८ ची एनओसी लागते, त्याचे वेगळे दिवस धरा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचा बोजा आधी उतरवा, त्याला फॉर्म ३५ लागतो. आमचं कर्ज केव्हाच फिटलं होतं आणि आरसीवरून बोजाही काढलेला होता. सरांनी पेठ रोडच्या ऑफिसात कागद दिले, मध्ये २ ऑक्टोबरला गांधी जयंती आणि दसरा एकाच दिवशी आले, त्यात शनिवार-रविवार. मी रोज सकाळी चहाबरोबर एमपरिवहन ह्या सरकारी ॲपवर गाडीचा नंबर टाकून बघायचे, मालकाच्या नावात बदल झालाय का. शेवटी ६ ऑक्टोबरला नाव बदललेलं दिसलं. मी स्क्रीनशॉट घेऊन आधी सरांना पाठवला.

मधल्या काळात सरांनी एक शहाणपणाचं काम केलं होतं. गाडी घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत घेणाऱ्याने विमा कंपनीकडे पॉलिसी नावावर करण्यासाठी अर्ज करायचा असतो. थर्ड पार्टीचं संरक्षण कायद्याने आपोआप नव्या मालकाकडे जातं, पण ओडीचं तसं नाही, अर्ज केला नाही आणि गाडी ठोकली गेली तर नुकसानभरपाईला अडचण येते. सरांनी २४ सप्टेंबरलाच फॉर्मच्या प्रती जोडून शाखेत अर्ज देऊन पोच घेतली होती.

७ ऑक्टोबरला मी आणि सर दोघेही जुन्या कंपनीच्या शाखेत गेलो. तिथल्या बाईंनी फाइल उघडली आणि मला एक गोष्ट सांगितली जी आधी कोणीच सांगितली नव्हती. पॉलिसी जून २०२६ पर्यंत आहे, त्यात माझ्या बोनसची सूट आधीच दिलेली आहे, आता बोनस मी घेऊन जाणार तर उरलेल्या महिन्यांची सूट परत भरायची. कारण तो बोनस सरांचा नाही, मग त्यांना त्या सुटीत विमा कसा मिळेल. हिशोब असा की माझ्या पॉलिसीत वर्षाचा बोनस होता १,४२० रुपये, उरलेल्या दिवसांचे ९९६ आणि त्यावर जीएसटी धरून १,१७५. सर म्हणाले, ताई, हे मी का भरायचं, तुमचा बोनस तुम्ही नेताय. नियमाप्रमाणे हा फरक घेणाऱ्याकडून वसूल होतो, पण व्यवहार ठरताना आमच्यात ह्याचं बोलणं झालं नव्हतं आणि मला नव्या गाडीवर त्याच्या कितीतरी पट वाचणार होते, म्हणून मी भरले. तुम्ही किंमत ठरवतानाच हे बोलून घ्या, नंतर हजार रुपयांवरून तोंड वाकडं व्हायला नको.

त्या बाई फार नीट बोलल्या. डेस्कवर त्यांनी एक छापील तक्ता काचेखाली ठेवला होता, कुठल्या कामाला कुठले कागद, आणि प्रत्येक ओळीवर पेनने खूण करत त्यांनी माझे कागद लावले. विनंती अर्ज, पॉलिसी, जुन्या आरसीची प्रत, नव्या मालकाच्या नावाची आरसी, डिलिव्हरी नोट, माझं पॅन आणि आधार. म्हणाल्या, सात कामाचे दिवस धरा.

पत्र १० ऑक्टोबरलाच मेलवर आलं. मी ऑफिसात होते, आनंदाने उघडलं आणि बघते तर बोनस ४५ टक्के. म्हणजे कोणीतरी आधीच्या वर्षाची पॉलिसी बघून पत्र काढलं होतं. पाच टक्के म्हणजे काय मोठं असं वाटेल, पण हे पत्र एकदा नव्या कंपनीला गेलं की तोच आकडा पुढे चालणार. शिवाय माझ्याकडे पॉलिसीवर ५० आणि पत्रावर ४५ असे दोन वेगळे कागद, उद्या क्लेमच्या वेळी कोणी ह्यावर बोट ठेवलं तर. लगेच उत्तर लिहिलं, २०२५-२६ च्या पॉलिसीचं पहिलं पान जोडलं, त्यात बोनसच्या रकान्याभोवती लाल चौकोन काढला आणि लिहिलं की दुरुस्त पत्र पाठवावं, उशीर झाला तर तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे आणि त्यानंतर बीमा भरोसा पोर्टलवर जावं लागेल. बीमा भरोसा हे विमा नियामकाचं तक्रारीचं पोर्टल आहे, फोन करायचा तर १५५२५५. त्याच्याही पुढे विमा लोकपाल, आपल्या भागासाठी पुण्यात ऑफिस आहे, तिथे फी लागत नाही. मला तिथपर्यंत जावं लागलं नाही. मध्ये शनिवार-रविवार गेले, त्यात पोटात गोळा होता कारण पाडव्याची डिलिव्हरी ठरलेली आणि विमा असल्याशिवाय रजिस्ट्रेशन होत नाही. सोमवारी सकाळी शाखेतल्या बाईंना फोन केला, त्यांनी स्वतः पाठपुरावा केला आणि १४ तारखेला ५० टक्क्यांचं पत्र आलं.

पत्र आल्यावर ह्या गोष्टी तपासा, आपलं नाव, जुन्या गाडीचा नंबर, पॉलिसीचा नंबर आणि मुदत, बोनसचे टक्के, चालू पॉलिसीत क्लेम नाही असं वाक्य, आणि पत्राची तारीख. माझ्या पत्रात तीन वर्षांची मुदतही लिहिली होती.

दरम्यान शोरूमशी बोलणं चालूच होतं. पत्र येतंय म्हटल्यावर त्यांनी कोटेशन बदललं, बोनस धरून २९,४२९. म्हणजे नव्या गाडीला बोनस नसतो म्हणणारेच आता बोनस लावून देत होते. मी बाहेर दुसऱ्या कंपनीचं कोटेशन काढलं होतं, आयडीव्ही म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत तीच ७ लाख ७९ हजार, ॲड-ऑन तेच, गॅरेजच्या यादीत आमचं सर्व्हिस सेंटर आहे ना ते बघून घेतलं. तिथे ओडी ११,२००, बोनस जाऊन ५,६००, ॲड-ऑन ४,३००, थर्ड पार्टी १०,६४०, अपघात विमा एका वर्षाचा ३२५, जीएसटी धरून २४,६२१. बोनस दोन्हीकडे ५० टक्केच, पण कशाच्या ५० टक्के ते कंपनी ठरवते. एका ठिकाणी १४,८०० चे निम्मे आणि दुसरीकडे ११,२०० चे. त्यामुळे 'आम्ही पण पूर्ण बोनस देतो' ह्या वाक्यावर भुलू नका, शेवटचा आकडा विचारा, आणि आयडीव्ही कमी करून आकडा खाली आणलेला नाही ना ते बघा.

बाहेरचा विमा घेणार म्हटल्यावर शोरूमच्या मॅनेजरने सांगितलं की मग कॅशलेस, म्हणजे बिल थेट विमा कंपनीने भरायची सोय, होणार नाही, रजिस्ट्रेशनला उशीर होईल आणि पाडव्याला गाडी मिळायची खात्री नाही. सणाच्या तोंडावर असं ऐकलं की धाबं दणाणतंच. नवरा म्हणाला जाऊ दे, पाच हजारासाठी कुठे मुहूर्त घालवतेस. पण मला ते पटेना. मी मॅनेजरला मेल लिहिला, विमा कुठून घ्यायचा ही निवड ग्राहकाची आहे, विमा नियामकाने डीलर्ससाठी २०१७ मध्ये काढलेल्या नियमांत हे आहे, तुमच्याकडूनच घ्यायची सक्ती असेल तर तसं लेखी कळवा. तासाभरात फोन आला, मॅडम पॉलिसी पाठवून द्या, आम्ही लावतो. आवाजात राग नव्हता, उलट चेसिस नंबर आणि इंजिन नंबर असलेला प्रोफॉर्मा इन्व्हॉइस पण लगेच पाठवला, जो बाहेर विमा काढायला लागतोच.

१५ तारखेला नव्या कंपनीच्या साइटवर सगळं भरलं. जुन्या कंपनीचं पत्र, जुनी पॉलिसी, विक्रीचा पुरावा आणि प्रोफॉर्मा इन्व्हॉइस अपलोड केलं. एक घोषणापत्र होतं, त्याचा अर्थ असा की मी सांगितलेले बोनसचे टक्के खरे आहेत, आणि ते खोटे निघाले तर ओडीचे सगळे लाभ रद्द होतील. हे नुसती टिक करून पुढे जाऊ नका. आमच्या ओळखीत एकाला एजंटने सांगितलं होतं की मागचा क्लेम छोटा आहे, टाका बोनस, कोण बघतंय. बघतात. कंपनी बदललेल्या माणसाकडे पत्र नसेल तरी ह्या घोषणापत्रावर बोनस देता येतो, पण मग नव्या कंपनीने विमा सुरू झाल्यापासून २१ दिवसांत जुन्या कंपनीला लिहून विचारायचं आणि जुन्या कंपनीने ३० दिवसांत उत्तर द्यायचं, असं त्याच टॅरिफमध्ये आहे. वर्षभर हप्ता भरून ऐन अपघाताच्या दिवशी कळणार की ओडी नाहीच, त्या चार पैशांसाठी एवढी जोखीम कोणी घेऊ नये. त्या ओळखीच्यांनी नंतर फरक भरून पॉलिसी दुरुस्त करून घेतली.

१६ ला संध्याकाळी पॉलिसी आली. चेसिस नंबर मी मुलीला मोठ्याने वाचायला लावला आणि इन्व्हॉइसवर बोट ठेवून एकेक अक्षर जुळवलं, शून्य आणि इंग्रजी ओ मध्ये फार घोळ होतो. बोनसच्या रकान्यात ५० टक्के, आधीच्या पॉलिसीचा नंबर आणि आधीच्या कंपनीचं नाव बरोबर. १७ ला शोरूमला पाठवली आणि रजिस्ट्रेशनचं काम लागलं. २२ ऑक्टोबरला पाडव्याला दुपारी गाडी दारात आली, आईने औक्षण केलं.

१० नोव्हेंबरला नव्या कंपनीचा मेल आला की आधीच्या विमा कंपनीकडून बोनसची खात्री झाली आहे. तो मेल, पत्र आणि दोन्ही पॉलिसी एकाच फोल्डरमध्ये ठेवल्यात. पत्र एकदा वापरलं की संपलं, तेच पत्र घरातल्या दुसऱ्या गाडीला लावता येत नाही. आणि स्कूटरचा बोनस कारला लागत नाही, गाडीचा प्रकार तोच हवा.

आता पुढचं रिन्युअल ऑक्टोबर २०२६ ला, ते फक्त ओडीचं, कारण थर्ड पार्टी २०२८ पर्यंत आहे. तेव्हा आणखी कमी दरात कोणी ओडी देत असेल तर तिथेही हा बोनस जाईल, आणि गाडी तीच असल्यामुळे तेव्हा रिन्युअल नोटीसवर बोनस छापलेला असला तरी पुरतो, वेगळं पत्र मागायची पाळी सहसा येत नाही. मागच्या आठवड्यात पार्किंगमध्ये बंपरला ओरखडा गेला, रंगवायचे अडीच हजार सांगितले. क्लेममध्ये पहिले १,००० आपल्याच खिशातून जातात, म्हणजे मिळणार दीड हजार आणि त्यासाठी ५० टक्के बोनस शून्यावर. खिशातून रंगवून घेतला.

हे सगळं ऐकून आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकूंनी विचारलं, काका गेले, गाडी आता माझ्या नावावर होतेय, तर त्यांच्या बोनसचं काय. नवरा-बायको, मुलं किंवा आई-वडील ह्यांच्याकडे गाडी वारसाने आली तर मयताचा बोनस त्यांना मिळू शकतो, तशी तरतूद त्याच नियमांत आहे. काकूंना मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा कागद आणि आरसी घेऊन शाखेत जायला सांगितलंय, पुढच्या सोमवारी मीही जाणार आहे त्यांच्याबरोबर.